पाव तासाच्या शर्यतीसाठी उरलेला दिवस

कोल्हापूरला घरी गेलो की, किंवा इकडे अमेरिकेत महाराष्ट्र मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात ओळख झाली की, माझे काम ऐकून लोक हमखास एकच प्रश्न विचारतात: "ती गाडी रात्रीतून पळते तरी किती वेळ? आणि मग बाकीचा दिवस तुम्ही करता काय?" प्रश्नात थोडी थट्टा असते आणि थोडी काळजीही असते, कारण मेकॅनिकल इंजिनिअर झालेला मुलगा परदेशात जाऊन स्प्रिंट कारचे टायर सांभाळतो, हे आमच्या काका-मावश्यांना अजून पुरते पचलेले नाही. जेवणाच्या रांगेत उभे राहून याचे उत्तर देता येत नाही. म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

आधी वेळेचा हिशेब मांडतो, कारण विचारणाऱ्यांची शंका खरीच आहे. अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर आमची गाडी साधारण पंधरा-सोळा सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. संध्याकाळी सरावाच्या तीन-चार फेऱ्या, मग वेळ नोंदवण्याच्या दोन, हीट म्हटल्या जाणाऱ्या प्राथमिक शर्यतीच्या आठ-दहा आणि रात्री उशिरा फीचरच्या, म्हणजे मुख्य शर्यतीच्या, तीस-पस्तीस फेऱ्या, एवढे सगळे जमेस धरले तरी इंजिन पूर्ण जोराने चालण्याचा वेळ पाव तासाच्या आतच राहतो. त्या पाव तासासाठी आम्ही फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत रस्त्यावर असतो.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यात एक माणूस, पुढे ४१० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.७ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन आणि डोक्यावर २५ चौरस फुटांचा पत्र्याचा पंख. इंजिनाची ताकद ९०० अश्वशक्तीच्या आसपास आणि गाडीचे वजन ड्रायव्हरसकट साधारण साडेसहाशे किलो. हिला स्टार्टर नाही, क्लच नाही, गिअरबॉक्स नाही. मागून एक ट्रक येऊन तिला ढकलतो, तेलाचा दाब चढला की ड्रायव्हर इंधन सोडतो आणि ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा खटका दाबतो, आणि मग ती चालू होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळे जुनाट वाटते. माझ्या मते ते शहाणपणाचे आहे, कारण जो भाग गाडीत नाहीच तो बिघडत नाही.

टेड जॉन्सन यांनी १९७८ मध्ये वर्ल्ड ऑफ आउटलॉज ही फिरती मालिका सुरू केली आणि तेव्हापासून या खेळात भटकंती हाच धंदा झाला. स्टीव्ह किन्सर यांनी या मालिकेची २० विजेतेपदे मिळवली, डॉनी शॅट्झ यांनी १०. आता काइल लार्सन आणि ब्रॅड स्वीट यांनी उभी केलेली हाय लिमिट ही दुसरी मालिकाही आहे, त्यामुळे कामगारांना मागणी वाढली आहे, ही आमच्यासारख्यांच्या दृष्टीने चांगली गोष्ट. हंगाम फ्लोरिडातील व्हॉलुशियाला सुरू होतो, जुलैत ओहायोतील एल्डोराला किंग्ज रॉयल ही शर्यत, ऑगस्टमध्ये आयोवातील नॉक्सव्हिलला नॅशनल्स ही मोठी स्पर्धा, शरद ऋतूत पेनसिल्व्हेनियातील विल्यम्स ग्रोव्ह आणि शेवटी उत्तर कॅरोलायनातील शार्लट. शुक्रवारी विल्यम्स ग्रोव्ह आणि शनिवारी त्याच राज्यातले पोर्ट रॉयल असेल तर मधले अंतर तासाभराचे. तो आमचा चैनीचा आठवडा. एल्डोराहून नॉक्सव्हिल मात्र पाचशेहून अधिक मैल आहे, आणि असे अंतर आमच्या वेळापत्रकात नवलाचे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बाकीचा दिवस आम्ही मुख्यतः गाडी धुतो.

हे ऐकून लोक हसतात, म्हणून यावर थोडे थांबावे लागेल. मुख्य शर्यत संपते तेव्हा रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असतात. प्रेक्षकांना पिटमध्ये, म्हणजे गाड्या आणि ट्रेलर उभे असतात त्या आवारात, सोडले जाते, ड्रायव्हर ट्रेलरच्या दाराशी उभा राहून लहान मुलांच्या टोप्यांवर सह्या करतो आणि त्याच्या पाठीमागे आम्ही खरवडणीने ओला चिखल काढत असतो. तो तेव्हाच काढावा लागतो. पंखाच्या खालच्या बाजूला, तळपत्र्यावर, चाकांच्या आतल्या कडेला बसलेली चिकणमाती सकाळपर्यंत राहिली तर सुकून दगड होते, आणि तिचे वजन कित्येक किलो भरते. सकाळी प्रेशर वॉशर लावून खरी धुलाई सुरू होते. नाण्यांवर चालणाऱ्या गाडी धुण्याच्या केंद्रांवर "शर्यतीच्या गाड्या धुण्यास मनाई" अशा पाट्या सर्रास दिसतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. आम्ही निघून गेल्यावर तिथले गटार कोण उपसणार?

धुण्याला एवढे महत्त्व का, तर धुणे आणि तपासणे ही आमच्याकडे दोन वेगळी कामे नाहीत. पंख उतरवला, बाजूचे पत्रे काढले, चाके काढली आणि नळी न् नळी स्वच्छ झाली की सांध्याजवळचा केसाएवढा तडा दिसू लागतो, जो चिखलाखाली कुणालाच दिसला नसता. शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल झिरपत असेल तर धुतलेल्या धातूवर त्याचा ओघळ लगेच उमटतो. एखादा दांडा किंचित वाकला आहे हे डोळ्याला कळण्याआधी फडके फिरवणाऱ्या हाताला कळते. त्यानंतर प्रत्येक बोल्टवर पाना फिरतो, टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारे पिळदार दांडे, काढून पाहिले जातात, एअर फिल्टर बदलतो, आणि आमचे इंधन असलेले मिथेनॉल थोडेफार इंजिनच्या तेलात उतरतेच, म्हणून तेलही बदलत राहावे लागते. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर इंधनाची सगळी वाट रिकामी करून तिला वंगण द्यावे लागते, कारण मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि ॲल्युमिनियमचे भाग खाऊ लागते. नव्याने कामाला लागलेल्या मुलाला पहिले काही महिने धुवायला लावतात, ते त्याला कमी लेखून नव्हे. गाडीची ओळख करून घेण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही, आणि ज्या संघांचे मुख्य मेकॅनिक स्वतः हातात फडके घेत नाहीत त्यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

माझे स्वतःचे खाते टायरचे. या गाडीच्या मागच्या आसात डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर एकाच वेगाने फिरतात. ट्रॅक नेहमी डावीकडे वळणारा, म्हणून उजवे मागचे टायर डाव्यापेक्षा मुद्दाम मोठे ठेवले जाते. दोन्हींच्या परिघांतला हा फरक, ज्याला सगळे स्टॅगर म्हणतात, दहा इंचांहून अधिक असणे अगदी नेहमीचे आहे. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आपसूक डावीकडे वळू पाहते ती यामुळेच. अडचण अशी की एकाच मापाची म्हणून आलेली दोन टायर प्रत्यक्षात एकाच परिघाची नसतात, हवा भरून ठेवली की ती ताणली जातात, उन्हात आणखी वाढतात आणि वापरल्यावर त्यांची वागणूक पुन्हा बदलते. म्हणून माझी दुपार फीत घेऊन टायरभोवती फिरण्यात, खडूने त्यांच्यावर आकडे लिहिण्यात आणि जोड्या लावण्यात जाते. तुमच्या मोटारीत तीस-बत्तीस पौंड हवा असते. आमच्या डाव्या मागच्या टायरमध्ये ती एक आकडी असते, आणि तिथे अर्ध्या पौंडाने फरक पडतो. रबर मऊ घ्यायचे की कडक, हा निर्णय मुख्य शर्यतीच्या थोडे आधी घ्यावा लागतो. मऊ रबर सुरुवातीला माती घट्ट पकडते, पण ट्रॅक कोरडा पडला असेल तर शेवटच्या दहा फेऱ्यांत त्याला फोड येतात आणि हातात आलेली जागा निसटते.

आणि ट्रॅक कोरडा पडतोच. हा खेळ डांबरावरच्या शर्यतींपेक्षा वेगळा आहे तो इथे, कारण संध्याकाळी सहाला जी जमीन असते ती रात्री दहाला नसते. दुपारभर पाणी मारून, उकरून, पुन्हा दाबून ती ओली आणि जड केलेली असते. कोल्हापूरच्या तालमीत आखाड्याची माती ताक, तेल, हळद घालून आणि खोऱ्याने वरखाली करून ज्या निगुतीने राखतात, तीच निगुती इथले ट्रॅक तयार करणारे दाखवतात, आणि त्यांनाही वस्तादांइतकाच मान असतो. मग गाड्या धावू लागल्या की खालची रेघ घासून काळी, चकचकीत होते आणि सुटी माती वर भिंतीकडे सरकून तिथे एक बांध तयार होतो. त्या बांधाला टेकून गाडी वेगाने नेता येते, पण तो ओलांडला की पुढे भिंतच. शर्यती चालू असताना मी गाड्यांकडे कमी आणि जमिनीच्या रंगाकडे जास्त पाहतो. मुख्य मेकॅनिक, मी आणि आमचा तिसरा सहकारी असे तिघे मिळून ठरवतो की मागच्या आसातली गिअरची दातेरी चाके बदलायची का, कोणता टॉर्शन बार लावायचा, पंख किती कलता ठेवायचा. पंख पुढेमागे सरकवणे मात्र ड्रायव्हरच्या हाती असते. तो धावत्या गाडीत एक दांडी ओढून ते करतो.

हवामानाचेही असेच. ऑगस्टमधल्या आयोवात हवा दमट आणि जड वाटते, पण इंजिनाला हवा असलेला प्राणवायू तिच्यात कमीच असतो. त्यानुसार इंधन कमी-जास्त करण्यासाठी पिल नावाची बारीक भोकाची चकती बदलतात. भोक लहान केले की टाकीकडे परत जाणारे इंधन घटते आणि इंजिनाला अधिक मिळते. पाऊस आला तर सगळेच रद्द होते, आणि आम्ही न पळालेली गाडी पुन्हा ट्रेलरमध्ये चढवतो.

रस्त्यावरच्या आयुष्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही, म्हणजे लोकांना वाटते तितके ते रंगीत नाही. आम्ही देश पाहतो तो पहाटेचा आणि खिडकीतून. मालवाहू वाहनाच्या चालकाने सलग दहा तास विश्रांती घेतल्यानंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवावी असा नियम आहे, म्हणून चालकांच्या पाळ्या आधीच आखून ठेवाव्या लागतात. रात्री एक वाजता उघडे असते ते फक्त पेट्रोल पंपाचे दुकान, आणि तिथला काचेतला पिझ्झा किती तास तिथे आहे हे विचारायचे नसते. मी ट्रेलरमध्ये भाताचा कुकर आणि मेतकुटाचा डबा ठेवतो. लसणाच्या चटणीचा डबाही ठेवत असे, पण ती सहकाऱ्यांना इतकी आवडली की आता घरून येणारे पार्सल माझे एकट्याचे राहिलेले नाही. गणपतीत घरी जाता येत नाही. नॅशनल्स संपून पुढच्या दौऱ्याची जुळवाजुळव चालू असते नेमका तेव्हाच तो सण येतो, आणि आरती फोनवर ऐकावी लागते.

धोक्याबद्दल आई विचारते, बाकीचे विचारत नाहीत. २०१६ च्या नॉक्सव्हिल नॅशनल्सचे विजेते जेसन जॉन्सन २०१८ मध्ये विस्कॉन्सिनमधील बीव्हर डॅमच्या ट्रॅकवर झालेल्या अपघातानंतर गेले. त्या दिवसांत पिटमध्ये मोठ्याने बोलणारा माणूस दिसत नव्हता. कितीही काळजी घेतली तरी या खेळातला धोका आम्हाला संपवता येत नाही. सैल बोल्टमुळे येणारा धोका तेवढा आमच्या हातात असतो. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून इंधन भरताना पाण्याची बादली जवळ हवीच. पाण्याने ती आग विझते.

पगार विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की माझे वर्गमित्र कार्यालयांत बसून माझ्याहून जास्त कमावतात. मी शिकायला आयोवात आलो होतो आणि नॉक्सव्हिलच्या शनिवार रात्रीच्या शर्यतींची सवय लागली, एवढेच माझ्या निवडीचे कारण आहे. जेमतेम साडेसात हजार वस्तीच्या त्या गावात ऑगस्टमध्ये त्याच्या कितीतरी पट माणसे येतात. ट्रॅकच्या दुसऱ्या वळणाला लागूनच या खेळाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि तिथल्या जुन्या गाड्या पाहिल्या तरी आमचे काम किती कमी बदलले आहे हे लक्षात येते.

कुणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर नॅशनल्सपेक्षा एखाद्या साध्या शनिवारी या. कानांना बोळे आणि डोळ्यांना चष्मा आणा, वळणाजवळच्या खालच्या रांगांत बसू नका, कारण तिथे मातीची ढेकळे अंगावर येतात, आणि सरावाच्या आधी पोहोचा, म्हणजे ओली जमीन पाहायला मिळेल. शर्यतीनंतर पिटमध्ये येऊन मला काहीही विचारा. तेव्हा माझ्या हातात खरवडणी असेल. दुसरी एक ट्रेलरच्या दाराला अडकवलेली असते.