सावंतवाडी ते जुने गोवे: चालता चालता घेतलेला निर्णय

नोव्हेंबरच्या अखेरीस सिंधुदुर्गातून आणि बेळगावकडून ख्रिस्ती भाविकांचे गट जुन्या गोव्याकडे पायी निघतात. संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त ३ डिसेंबरला असते, त्याआधीची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते, आणि गोंयच्या सायबाच्या, म्हणजे याच संताच्या, दर्शनाला जाणाऱ्यांत नवस फेडणारे, घरच्या आजाऱ्यासाठी साकडे घालणारे, आईवडील चालत म्हणून चालणारे असे सगळेच असतात. गेल्या वर्षी मी एक प्रश्न घेऊन निघाले होते. मी परिचारिका आहे. आखातातल्या एका नोकरीचा होकार आला होता, आणि इकडे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करण्याचे आमच्या चर्चमधले काम नुकते मूळ धरू लागले होते. चांगले आणि वाईट यांत निवड करायची असेल तर दहा आज्ञा पुरेशा आहेत. दोन्ही वाटा चांगल्या असतील तेव्हा मात्र देवाची इच्छा शोधावी लागते, आणि तो शोध मला कोणी शिकवलेला नव्हता.

निघण्यापूर्वी फादरांनी मला संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत समजावून सांगितली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडल्यावर इग्नेशियस दीर्घकाळ अंथरुणावर होते. तेव्हा सरदारकीच्या पराक्रमाची स्वप्ने त्यांना रंगवताना सुखावत, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार मात्र संपल्यावरही आनंद ठेवून जाई. कोणता विचार मागे काय ठेवून जातो हे पाहण्यापासून त्यांची आत्म्यांची पारख सुरू झाली, आणि पुढे झेवियर याच गुरूच्या हाताखाली घडले. मला रोज रात्री एवढेच करायचे होते: प्रथम दिवसाबद्दल आभार मानायचे, पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा, दिवसभराचे विचार पुन्हा आठवायचे, चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा मागायची.

सकाळची प्रार्थना झाली की आम्ही अंधारातच चालू लागत असू. इन्सुली, बांदा, पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी जेथे गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी आम्ही मृतांसाठी प्रार्थना केली. गटातल्या एक आजी रोझरीच्या प्रत्येक मण्याला एकेका माणसाचे नाव घेत. त्यांत त्यांच्या कुंपणावरून वर्षानुवर्षे भांडणाऱ्या शेजाऱ्याचेही नाव होते. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “तेच्यासाठी मागलंय म्हणान जमीन परत मेळूची नाय, पण राग उतरता, बाय.” प्रार्थनेवरची अनेक प्रवचने मी ऐकली आहेत, प्रार्थना माणसावर नेमके काय काम करते हे इतके स्पष्ट मला त्यांतून कळले नव्हते.

धारगळच्या पुढे ऊन चढले, टाचांना फोड आले, आणि आखाताचा विचार अचानक फार शहाणपणाचा वाटू लागला: घराचे कर्ज फिटेल, आईच्या औषधांचा प्रश्न सुटेल, हे कष्ट कशासाठी? परंतु मन खचलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असा इग्नेशियस यांचा स्पष्ट नियम आहे. मी तो पाळला, आणि कोलवाळच्या पुलावर वारा लागल्यावर तोच विचार पुन्हा तपासला. त्यात खोटे काहीच नव्हते, कर्ज खरेच होते. पण त्याच्यामागून दर वेळी अस्वस्थता येत होती. रुग्णांच्या घरांचा विचार भीती घेऊन येई आणि शांती ठेवून जाई. मात्र तिथेही पारख करावी लागली, कारण ‘केवढा त्याग केला’ असे लोक म्हणतील याची गोडी त्यात मिसळलेली होती, हे म्हापशाच्या मुक्कामी रात्री लक्षात आले. ती गोडी वेगळी काढल्यावरही शांती उरते का, हे पाहायला मला पणजी आणि रायबंदरपर्यंतची सगळी वाट लागली.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत रांग फार मोठी होती. झेवियर यांचे अवशेष ठेवलेल्या चांदीच्या पेटीकडे पाहून हात जोडेपर्यंत पुढे सरकावे लागले. कोणताही आवाज ऐकू आला नाही, कोणती खूण दिसली नाही, आणि मी ती मागितलीही नव्हती. घरी आल्यावर ड्युटी संपवून रात्रीची ती प्रार्थना मी चालू ठेवली. फादरांशी बोलले, आईशी बोलले. माझ्याच परिस्थितीतली एखादी अनोळखी मुलगी सल्ला विचारायला आली तर तिला काय सांगेन, हा इग्नेशियस यांनीच सुचवलेला प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. नाताळच्या आधी आखातातल्या नोकरीला नकार कळवला. कर्जाची मुदत बँकेकडून वाढवून घ्यावी लागली आहे, हप्त्याची चिंता अजूनही आहे, आणि रात्री दिवस आठवताना मी तीही देवापुढे मांडते.