नागपूर ते न्यूयॉर्क: अंतर, तास आणि कुठून जावं

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबांना घेऊन न्यूयॉर्कशेजारच्या न्यूजर्सीला जायचं ठरलं, तेव्हा घरात आठवडाभर एकच चर्चा होती: दिल्लीवरून, मुंबईवरून की कतारच्या दोह्यावरून? नागपूरहून अमेरिकेला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं.

नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, सरळ अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे ही सर्वांत जवळची रेषा अरबी समुद्रावरून जातच नाही. उत्तरेला वळून थेट आर्क्टिक वृत्तापलीकडून जाते. म्हणून दिल्ली जवळजवळ वाटेवरच पडते. नागपूर-दिल्ली ८५५, पुढे ११,७५५. फेरा जेमतेम दहा किलोमीटरचा. मुंबईवरून सहाशे वाढतात, दोह्यावरून हजार.

तरी आम्ही दोहाच घेतलं. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना दिल्लीहून पश्चिमेकडे वळसा घालून जावं लागू लागलं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं वेगळंच. आणि स्वस्त पडतं म्हणून दिल्लीपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं, तर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान फुकट. वर दिल्लीत बॅगा उचलून पुन्हा रांगेत लागा. वयस्कर माणसं सोबत असतील तर एकाच तिकिटावर सगळा प्रवास करा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. आमच्या बॅगांना सोनेगावलाच जेएफकेचा टॅग लागला आणि आईचा जीव तिथेच भांड्यात पडला.

विमान पहाटेचं. त्या वेळी मेट्रो नसते, वर्धा रोडने जायला गाडी आधीच सांगून ठेवा. दोह्यापर्यंत २,८४० किलोमीटर, साडेचार तास. तिथे विमान बदलायला तीन तास तरी हातात असू द्या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. बाबांची आधीच नोंदवली होती, त्यामुळे दोह्याच्या लांबच लांब गॅलऱ्या त्यांना चालाव्या लागल्या नाहीत.

पुढचा टप्पा चौदा तासांचा. जाताना वारा समोरून असतो. परतीला तेच अंतर बाराएक तासांत कापलं जातं. तिकिटावरच्या वेळा मात्र त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात पहाटे चारला निघालेला माणूस त्याच तारखेला दुपारी चारच्या सुमारास उतरतो. घड्याळात बारा तास दिसतात, पण अंगावरून साडेएकवीस गेलेले असतात. बाबांना मधुमेह आहे, म्हणून इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवली आणि डोसच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घेतल्या. विमानात दर दोन तासांनी दोघांनाही उठवून जरा फिरवलं. झोपू दे गं, म्हणतात, पण पाय सुजतात, ऐकायचं नाही.

संत्री नेऊ नका. ताजी फळं अमेरिकेत चालत नाहीत. बाकी खाण्याचं जे काही असेल ते कस्टम्सला विचारण्याआधीच सांगून टाका. लपवलेलं सापडलं तर दंड होतो, सांगितलेलं फार तर काढून घेतात.