आमची वाटचाल : मुद्दाम केलेली गळती, तीही मोजून

भोसरी एमआयडीसीत छोटा गाळा घेतला तेव्हा आम्ही फक्त लीक टेस्टिंग मशीनची सर्व्हिस करायचो. गाडीच्या एसीचे पार्ट, फ्युएल टँक, सगळीकडे हेलियम वायू वापरून गळती शोधणारी मशीन लागत होती, आणि मशीन खरं सांगतंय का हे बघायला लागतो कॅलिब्रेटेड लीक, म्हणजे ठरलेल्या दराने गॅस सोडणारा मास्टर. बऱ्याच जणांकडे तो इम्पोर्टेड, रिकॅलिब्रेशनला परत बाहेर पाठवायचा आणि तोवर लाइन अंदाजावर चालवायची, ते काही पटेना, म्हणून हेच काम हातात घेतलं.

ही गळती किती बारीक? मायनस नाइन (दहाचा उणे नववा घात) रेंजचा लीक म्हणजे सेकंदाला एक अब्जांश मिलीबार लिटर. या दराने वातावरणाच्या दाबाचा फक्त १ सीसी गॅस बाहेर पडायला ३० वर्षांच्या वर लागतील!

मोजायची पद्धत ऐकायला सोपी आहे. व्हॉल्यूम माहीत असलेलं बंद चेंबर व्हॅक्यूमला घ्यायचं, त्यात लीक सोडायचा आणि दाब किती वेगाने चढतो ते बघायचं. पण चेंबरच्या भिंतीसुद्धा गॅस सोडतात, त्यामुळे आधी लीक बंद ठेवून तेवढी वाढ मोजायची, मग वजा करायची, आणि चेंबर नीट बेक केलेलं, म्हणजे तापवून भिंतीतला गॅस काढलेलं नसेल तर ही वजाबाकीच मूळ आकड्यापेक्षा मोठी होऊन बसते. अगदी बारीक रेंजला मग मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमानावरून गॅस ओळखून मोजणारं यंत्र) मास्टर लीकशी तुलना करणं बरं.

खरी मेहनत गेली टेम्परेचरमध्ये. काचेतून हेलियम झिरपणारा लीक असतो ना, त्याची व्हॅल्यू डिग्रीमागे साधारण ३ टक्के बदलते. सर्टिफिकेट २३ डिग्रीचं आणि मे महिन्यात शेडमध्ये ३८, म्हणजे गळती जवळपास दीडपट झाली की! ऑपरेटर जुन्याच आकड्यावर मशीन सेट करतो, मग मशीन गळती कमी दाखवतं आणि खराब पार्ट पास होतात. म्हणून आम्ही प्रत्येक लीकवर टेम्परेचर करेक्शनचा टॅग लावतो आणि ऑपरेटरला समोर बसवून तो वाचायला शिकवतो, मॅनेजरला सांगून भागत नाही.

सध्या ईव्ही बॅटरी पॅकच्या चौकशा वाढल्यात. तिथे रेंज मोठी, लीक कॅपिलरीचा, म्हणजे केसासारख्या बारीक नळीचा, त्यामुळे कोणता गॅस आणि दोन्ही बाजूंना दाब किती हे कळल्याशिवाय आम्ही कोटेशन देत नाही. चौकशी करताना तेवढं नक्की कळवा.