इम्प्लांट काढण्याची शस्त्रक्रिया : माझा अनुभव

२०११ मध्ये कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला आणि त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवण्यात आले. त्यानंतर रेडिएशनही झाले. ते आयुष्यभर टिकणारे नसते, हे तेव्हा सांगितले गेले असेलही, परंतु केमोच्या धास्तीत माझ्या ते लक्षात राहिले नाही. बारा वर्षांनी ती बाजू दगडासारखी कडक झाली, वर ओढली गेली आणि त्या कुशीवर झोपणे अशक्य झाले. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती स्वतःचे एक आवरण तयार करते. ते आकसू लागले की असे होते, आणि रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हा धोका अधिक असतो. एमआरआयमध्ये इम्प्लांट फाटलेलेही दिसले. मात्र त्यातले सिलिकॉनचे जेल शरीराने तयार केलेल्या आवरणाच्या आतच राहिल्यामुळे बाहेरून काहीच कळले नव्हते.

मला वाटत होते की टाके उसवून वस्तू बाहेर काढायची, एवढेच काम आहे. सर्जननी कागदावर चित्र काढून समजावले, की इम्प्लांट निघायला फार वेळ लागत नाही. खरे काम आवरण सोडवण्याचे असते. माझे इम्प्लांट खरबरीत पृष्ठभागाचे होते. त्या प्रकाराशी एक दुर्मीळ लिंफोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कर्करोग) जोडला गेला आहे आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या सांगण्यावरून अशी काही इम्प्लांट बाजारातून परत घेण्यात आली. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफीत भोवती पाणी साठलेले नाही ना, हे पाहिले गेले आणि काढलेले आवरण तपासणीसाठी पाठवायचे ठरले. बरगड्यांना घट्ट चिकटलेला भाग खरवडताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते, म्हणून तेवढा भाग प्रसंगी तसाच ठेवावा लागेल, याची कल्पनाही त्यांनी आधीच दिली.

नवे इम्प्लांट बसवायचे नाही, हा निर्णय माझा होता. नणंदबाईंना तो पटला नाही. त्या कुशीवर झोपायचे त्यांना नव्हते.

विम्याच्या बाबतीत एक सांगते. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया पॉलिसीत बसत नाही, मात्र कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट असते. कॅशलेसच्या अर्जात आधी फक्त ‘इम्प्लांट काढणे’ एवढेच लिहिले गेले आणि अर्ज अडकला. जुने हिस्टोपॅथॉलॉजीचे (काढलेल्या गाठीच्या तपासणीचे) अहवाल व डॉक्टरांचे पत्र जोडल्यावरच तो मंजूर झाला.

संपूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया सुमारे दोन तास चालली. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर घट्ट पट्टा होता आणि काखेखालून एक नळी निघून प्लास्टिकच्या बाटलीत जात होती. वेदना गोळ्यांनी आटोक्यात राहिल्या. त्रास दिला तो या ड्रेनने. सकाळ-संध्याकाळ बाटली मोजपात्रात रिकामी करून आकडा वहीत लिहायचा, आणि चोवीस तासांतला स्राव तीस मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढायची, असे ठरले होते. पहिल्या दिवशी वहीत ११० लिहिले. रंग लालचा गुलाबी आणि मग पिवळसर होत गेला. बाटली लोंबकळून ओढ बसू नये म्हणून आईने जुन्या पोलक्याच्या कापडाची गळ्यात अडकवायची पिशवी शिवून दिली. नवव्या दिवशी नळी निघाली. पुढच्या आठवड्यात तेथे थोडे पाणी साठले, ते सुईने काढून टाकले. हे अनेकींना होते, त्याने घाबरून जाण्याचे कारण नव्हते.

आवरणात कर्करोगाच्या पेशी नाहीत, असा अहवाल आला. छाती आता सपाट, किंचित आत गेलेली आहे आणि टाक्याभोवतीची त्वचा अजून बधिर आहे. कपाटाच्या वरच्या फळीवरचा चहाचा डबा महिनाभर धाकट्यानेच काढून दिला. फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून शस्त्रक्रियेपूर्वी बोटे भिंतीवर जिथवर पोहोचत होती तेथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. तिच्याखाली दर आठवड्याची एकेक रेघ वाढत गेली, आणि सातव्या आठवड्यात बोटे त्या पहिल्या रेघेच्या दोन बोटे वर गेली.