आमची वाटचाल : मोटार, पॅनेल आणि वीजबिल

जळगाव एमआयडीसीत आमची सुरुवात मोटार रिवाइंडिंगने झाली. दाळमिल, चटईवाले, पाइपवाले, सगळ्यांच्या जळालेल्या मोटारी यायच्या. पुढे कपॅसिटर पॅनेल बसवू लागलो. ते पॉवर फॅक्टर सुधारतं, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खरी कामाला लागणाऱ्या विजेचं प्रमाण. एप्रिल 2020 पासून उच्चदाब (कारखान्यांसारख्या मोठ्या) ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाला न लागणारी वीजही धरून मोजलेल्या युनिटवर आलं. पॉवर फॅक्टर घसरला की युनिटच वाढणार, म्हणून पॅनेलला गिऱ्हाईक आपणहून येऊ लागलं.

पण खरं काम सापडलं ते बिलातल्या 'मॅक्सिमम डिमांड'च्या, म्हणजे महिन्यातल्या सर्वाधिक वीजमागणीच्या ओळीत. मोटार सुरू होतानाच्या झटक्याने डिमांड चढते, असा बहुतेक मालकांचा समज. मीटर अर्ध्या तासाची सरासरी धरतो. काही सेकंदांचा झटका त्यात विरून जातो. त्या अर्ध्या तासात काय काय एकत्र चाललं, ते बघायचं. एकदा चढलेला आकडा मग पुढचे अकरा महिने बिलाचा पिच्छा सोडत नाही.

रावेरकडे केळी पिकवण्याची चार चेंबर असलेला एक व्यापारी आहे. शेतातून आलेला माल उन्हाने तापलेला, त्यामुळे भरल्यावर कितीतरी तास कॉम्प्रेसर कट होतच नाही. आणि चारही चेंबर भरायची एकाच संध्याकाळी! आम्ही तिथे एक वायरही विकली नाही, फक्त चेंबर दिवसाआड भरायला लावली. आता दरही फिरलेत : सोलरमुळे सकाळी 9 ते 5 वीज स्वस्त, त्यानंतर महाग. म्हणून भरणं सकाळी.

घरगुती गिऱ्हाईक येतं ते "भाऊ, बिल इतलं कसं उनं?" म्हणत. त्याला हवी असते प्लगमध्ये खोचायची 'पॉवर सेव्हर' डबी. ती आम्ही ठेवत नाही. घरचं बिल किलोवॅट-अवरवर, म्हणजे फक्त कामाला लागलेल्या विजेवर येतं, कपॅसिटरने त्यातलं एक युनिट कमी होत नाही. जुना पंखा 75 वॅटचा, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) तिशीच्या आसपास, तो घ्या म्हणतो. भुसावळच्या 45 डिग्रीच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरचं दीड-दोनशे वॅटमध्ये भागतं. दीड टनी एसी दीड हजाराच्या घरात जातो. पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर कुचकामी, तेही सांगतो.

हल्ली कारखानदाराला आधी बारा महिन्यांची बिलं आणायला सांगतो आणि ती तपासायचे पैसे वेगळे घेतो. पॅनेलचे लाखभर देताना कोणी कुरकुरत नाही. कागद वाचायचे मागितले की भुवया चढतात.