व्हीएमसीवर नवा जॉब लावताना: जी५४ ते पहिलं भोक

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या शेजारीच आहेत, त्यामुळे व्हीएमसीवर (टूल फिरवणारा स्पिंडल उभा असलेल्या सीएनसी मशीनवर) बिडाचं कास्टिंग नेहमीचंच. उदाहरणाला साधा जॉब घेतो: वरची फेस आणि दोन बाजू मशीन झालेली प्लेट, एम१० टॅपची (१० मिमी आट्यांची) चार भोकं, फॅनुक कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर).

मशीनचा झिरो होम पोझिशनला (मशीनच्या ठरलेल्या मूळ जागी) असतो, ड्रॉइंगची मापं मात्र जॉबच्या कोपऱ्यापासून असतात. या दोन्हींमधलं अंतर म्हणजे जी५४. मी झिरो डाव्या-पुढच्या कोपऱ्यावर घेतो. १० मिमीचा एज फाइंडर (कड शोधायची दांडी) ५०० आरपीएमला फिरवून डाव्या बाजूला टेकवायचा, वर्क ऑफसेटच्या पानावर जी५४ समोर एक्स-५.० टाइप करून 'मेजर' दाबायचं. स्पिंडलचं सेंटर कडेच्या ५ मिमी बाहेर आहे, म्हणून वजा. वाय तसाच, पुढच्या बाजूने. कच्च्या कास्टिंगच्या बाजूवरून झिरो घेऊ नये, तिथं प्रत्येक पीसला वेगळं माप येतं.

झेडमध्ये जास्त जपावं लागतं. मी प्रत्येक टूल जॉबच्या वरच्या फेसला टेकवून मशीनचं झेड रीडिंग त्याच्या एच नंबरात (टूलच्या लांबीच्या ऑफसेटमध्ये) भरतो आणि जी५४ चा झेड शून्य ठेवतो. तेच रीडिंग दोन्हीकडे भरलं तर बेरीज होते आणि टूल रॅपिडने (सर्वात वेगाच्या चालीने) जॉबमध्ये घुसतं.

प्रोग्रॅमची सुरुवात जी२१ जी१७ जी४० जी४९ जी८० जी९० अशी (मापं मिमीत, एक्स-वाय प्लेन, टूल ऑफसेट आणि सायकली रद्द, मापं जॉबच्या झिरोपासून), म्हणजे मागच्या प्रोग्रॅमचं काही शिल्लक राहत नाही. टूल वर न्यायला जी९१ जी२८ झेड० (जी९१ म्हणजे टूल उभं आहे तिथून मोजणं, जी२८ म्हणजे होमला जाणं). इथं जी९० चालू असेल तर टूल आधी जॉबच्या झेड शून्यावर उतरतं, मगच होमला जातं. जी२८ नंतर लगेच जी९० परत लिहायचं. नाहीतर पुढचा एक्स५०.० कोपऱ्यापासून न मोजता, टूल उभं आहे तिथून मोजला जातो. पॉइंटही विसरू नये: बऱ्याच मशीनवर नुसतं एक्स५० म्हणजे ०.०५० मिमी.

८.५ मिमीचं एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिल, एस९३० (आरपीएम) एफ१४० (मिनिटाला मिमी फीड): जी९८ जी८३ झेड-२५.० आर३.० क्यू३.०. जी८३ म्हणजे टप्प्याटप्प्याने ड्रिलिंग: आर ही फेसच्या ३ मिमी वरची पातळी, क्यू हा एकेका टप्प्याचा ३ मिमी. क्लॅम्प मध्ये येत असतील तर जी९८ च हवा, त्यात टूल सुरुवातीच्या उंचीवर परत येतं. जी९९ मध्ये टूल आर पातळीवरूनच पुढच्या भोकाकडे सरकतं. रिजिड टॅपिंगला (स्पिंडल आणि झेड एकाच तालात चालवून आटे पाडायला) एम२९ एस३००, जी८४ ला (टॅपिंगच्या सायकलला) एफ४५०, कारण पिच (एका फेऱ्यात टॅप जितका पुढे जातो ते अंतर) १.५. एस बदलला की एफ बदलायचाच, नाहीतर टॅप तुटतो.

पहिला पीस सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवून), रॅपिड २५ टक्के. जी४३ एच०१ झेड५०.० (टूलची लांबी धरून फेसच्या ५० मिमी वर) नंतर मशीन थांबवून टूलच्या टोकाखाली ५० मिमीचा ब्लॉक सरकवून बघतो. तो नेमका बसला तरच सायकल स्टार्ट.