तेरावा महिना

दुपारचं जेवण झालं होतं, वर वाटीभर ताकही झालं होतं, आणि मी पंख्याकडे बघत नुसता पडलो होतो. तेवढ्यात उशाशी फोन थरथरला. तुमचा प्लॅन शनिवारी संपतो आहे, आजच रिचार्ज करा. आज गुरुवार. म्हणजे अजून दोन दिवस हा निरोप येत राहणार, आणि शनिवारी संपला की जास्तच येणार. एवढ्या काळजीनं माझी आठवण ठेवणारं दुसरं कोणी नाही. विम्याचा हप्ता घेणारेसुद्धा वर्षातून एकदाच हळवे होतात.

खरं तर यात ठरवण्यासारखं काही नसतं. मागच्या खेपेला मारला तोच परत मारायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण मला ते जमत नाही. ॲप उघडलं की मी सगळे प्लॅन बघतो. एकूण एक. साडीच्या दुकानात 'अजून दाखवा' म्हणणाऱ्या आमच्या मंडळींवर मी वीस वर्षं चिडत आलो आणि इथं मी तेच करतो. तिथं निदान गादीवर बसवून चहा तरी विचारतात.

या प्लॅनना नावं नसतात, आकडे असतात. आमच्या सोसायटीत लोक एकमेकांना 'तुमचा कितीचा?' असं विचारतात आणि समोरचा 'सातशे नव्व्याण्णवचा' हे पूर्वी पगार सांगत तसं आवाज जरा खाली आणून सांगतो. बहुतेक आकडे नवावर संपणारे. चपलांच्या दुकानातून हा नवाचा रोग इकडे आला असावा.

माझ्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा आहे, कोऱ्या पाठीसाठी जपलेला. त्यातली एक काढली. नवरा-नवरीला आता शाळेत जाणारी मुलं आहेत, पण कागद चांगला जाड आहे. २९९ भागिले २८: दिवसाला १० रुपये ६८ पैसे. ७९९ भागिले ८४: ९ रुपये ५१ पैसे. म्हणजे दिवसामागे १ रुपया १७ पैसे सुटले, चौऱ्याऐंशी दिवसांत अठ्ठ्याण्णव रुपये. एवढ्यासाठी पाऊण तास गेला, मधे एकदा चहा झाला, त्याचा गॅस मात्र मी धरला नाही. हा हिशेब मी २०२४ च्या जुलैत दर वाढले तेव्हाही केला होता, दुसऱ्या एका पत्रिकेवर. उत्तर हेच होतं. तरी दर वेळी नव्यानं करतो, कारण मागची पत्रिका सापडत नाही.

अठ्ठावीस हा आकडा मात्र डोक्यात जातो. महिना तीस दिवसांचा असतो, एकतीसचा असतो, पंचांगवाल्यांचा साडेएकोणतीस दिवसांचा असतो. अठ्ठावीसचा फक्त फेब्रुवारी, आणि तोही चार वर्षांतून एकदा शरमून एक दिवस वाढवून देतो. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट. म्हणजे बारा महिन्यांच्या वर्षात आपण तेरा वेळा रिचार्ज मारतो. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण ज्यानं काढली त्याच्या डोळ्यांपुढे बिचारा शेतकरी होता, पण हे त्यानं पाहिलं असतं तर हात जोडले असते. पंचांगात अधिक महिना यायला साधारण साडेबत्तीस महिने जावे लागतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तेव्हा सासूबाईंनी तेहेतीस अनारशांचं वाण दिलं, तळताना त्यातले निम्मे हसले होते तरी दिलं. इथं अधिक दर वर्षी. आणि वाण घेणारा जावई म्हणजे कंपनी. जावई दहावा ग्रह म्हणतात, ते या जावयाला जास्त शोभतं.

नाही म्हणायला ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये सांगून पाहिलं होतं, की एक तरी प्लॅन पुरत्या तीस दिवसांचा ठेवा आणि एक असा ठेवा जो दर महिन्याला त्याच तारखेला येईल. ठेवलेत. खानावळीच्या पाटीवर सगळ्यात खाली 'ताक' लिहिलेलं असतं तसे ते असतात. मिळतं, पण मागावं लागतं.

हा हिशेबी किडा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. आमच्या मिरजेच्या घरी फोन नव्हता. आत्या इंदूरला. तिला फोन करायचा म्हणजे स्टेशनकडच्या एसटीडी बूथवर जायचं, तेही रात्री, कारण अकराच्या पुढे दर पाव व्हायचा. आम्ही साडेदहालाच निघायचो. रात्रीच्या त्या वेळी मिरजेत एवढी माणसं जागी असतात हे मला त्या बूथच्या रांगेत कळलं. कुणाचा मुलगा मुंबईला, कुणाची मुलगी बेळगावला दिलेली. बायका लुगड्याचा पदर घेऊन, पुरुष स्वेटर घालून, पेंगणारी पोरं खांद्यावर. दवाखान्याच्या बाहेर असतात तसे सगळे गंभीर. अकराला पाच मिनिटं असताना कोणी काचेच्या खोलीत गेला तर मागचे चुकचुकायचे. 'घाई असंल काईतरी,' म्हणायचे, म्हणजे कोणीतरी गेलं असणार.

अण्णांच्या खिशात चिठ्ठी असायची. मुद्दे. एक, तुझी पाठ. दोन, जमिनीचा कागद. तीन, भाऊबीजेला येणार का. चार, मुलं बोलतील. आत शिरले की अण्णांची नजर भिंतीवरच्या लाल आकड्यांवर आणि आवाज इंदूरपर्यंत तारेशिवाय पोचेल असा. मधे वायर आहे यावर त्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. चौथ्या मुद्द्याला आम्हाला एकेक वाक्य मिळायचं. मी रस्ताभर माझं वाक्य घोळवत आलेलो असायचो. मला शाळेच्या स्पर्धेत चित्राला दुसरा नंबर मिळाला, हे सांगायचं होतं. रिसीव्हर कानाला लागला आणि मी म्हणालो, 'आत्या, कशी आहेस?' आत्या म्हणाली, 'मी बरी, तू कसा आहेस?' तेवढ्यात आकडा बदलला आणि अण्णांनी फोन ठेवला.

परत येताना अण्णा ती छापील पावती दिव्याखाली धरून वाचत होते. चित्राचं मी आत्याला पुढे कधी सांगितलं का, आठवत नाही. पण अजूनही कोणाला फोन लावला की मी आधी मुद्द्याचं सांगून टाकतो आणि कसे आहात ते शेवटी विचारतो. लोकांना हे उद्धट वाटतं.

पुढे माझ्या हातात मोबाईल आला तेव्हा अण्णांचं रक्त पुरतं वर आलं. २००३ पर्यंत तर आलेला फोन उचलायलाही पैसे पडत, तेव्हा आम्ही नाव बघून कापायचो आणि कोपऱ्यावरच्या एक रुपयाच्या डब्यावरून उलट फोन करायचो. मग टॉपअप. दहा रुपयांचं मारलं की हातात दहा पडत नसत, कर कापून पैशांतला एक मोडका आकडा पडे. तो आकडा माझ्या पिढीला पाढ्यासारखा पाठ आहे; आमच्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. स्क्रॅच कार्ड नखानं खरवडायचं तर शेवटचा अंकच निघून जायचा, मग तो सात की एक यावर मित्रांचं मतदान. आणि मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे बॅलन्स नाही, तूच कर. तिसऱ्या रिंगला चुकून कोणी उचललंच तर मैत्री तुटायची वेळ यायची.

आता बोलणं अमर्याद आहे, आणि मोजायचं काय तर डेटा. दिवसाला दीड जीबी, दोन जीबी. हे मला सोसत नाही, कारण उरलेला डेटा रात्री बारा वाजता मरतो. मी ज्या घरात वाढलो तिथं काही मरत नसे. कालच्या भाताला फोडणी मिळायची, पोळीचा कुस्करा व्हायचा, नासलेल्या दुधाचं कलाकंद म्हणून काहीतरी व्हायचं. उरलेल्या डेटाला फोडणी देता येत नाही. म्हणून साडेअकराला मी जागा असतो आणि टाकून द्यायचं नाही या एकाच भावनेनं न्यूझीलंडमधल्या मेंढ्या कातरायच्या स्पर्धा बघतो. पंचवीस मिनिटांत चाळीसेक मेंढ्या झाल्या की शांत झोप लागते.

लेकीचं उलटं. तिचा डेटा संध्याकाळी सातला संपतो. मग ती दारात उभी राहते. 'बाबा, हॉटस्पॉट दे ना.' पूर्वी शेजारच्या काकू वाटीत विरजण मागायला यायच्या तोच चेहरा. देतो. नाही तरी मेंढ्यांवरच जायचा.

तर आज दुपारी पत्रिकेच्या पाठीवर हे सगळं मांडून झाल्यावर मला सुचलं, की आपलं राहू दे, आईचं आधी नीट लावू. आई मिरजेलाच असते, एकटी, हट्टानं. तिचा फोन बटणांचा. तिला डेटाचं काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम बदलला, तेव्हापासून नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे वेगळे पॅक कंपन्यांना ठेवावे लागतात, आणि अशा पॅकची मुदत वर्षापर्यंत जाऊ शकते. हा नियम तिच्यासारख्यांसाठीच केलेला. दर अठ्ठावीस दिवसांनी ती उन्हातून त्या मोबाईलच्या दुकानात जाते, दोन-तीनशे रुपये मोजते आणि न लागणारा डेटा घेऊन येते. इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं नाही आलं?

फोन लावला आणि सवयीनं मुद्द्याचं आधी सांगितलं. 'आई, तुझा एकदम वर्षाचा मारून टाकतो.'

'वर्षाचा म्हणजे किती दिवसांचा?'

मी बघितलं. 'तीनशे छत्तीस.'

'हे कसलं वर्ष? आपलं तिथीचं वर्षसुद्धा तीनशे चोपन्न दिवसांचं असतं.'

आई चुकत नाही. कंपनीनं बारा अठ्ठावीस केले होते आणि तेराव्याला हळूच दाराबाहेर ठेवलं होतं. मी म्हटलं, बरं, पुरत्या तीनशे पासष्टाचाही असतो, तो मारतो.

'नको. अठ्ठावीसाचाच बरा आहे माझा.'

मग मी तिला तेराव्या महिन्याचं गणित सांगितलं. अनारशांपर्यंत आलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'अरे, पण तो गुरुवारी येतो.'

'काय गुरुवारी येतो?'

'रिचार्ज. एकदा गुरुवारी मारला की पुढचा गुरुवारीच. तारीख कुठं का जाईना. दत्ताला जायचं, येताना त्याच्या दुकानात टेकायचं. आत्ता तेच करून आले.'

मी पत्रिका बघितली. चार आठवडे अठ्ठावीस. सगळे भागाकार केले होते, सातानं भागायचं राहिलं होतं.

दुकानात स्टूल आहे. तो पोरगा तिला 'आजी बसा' म्हणतो आणि आधी गिऱ्हाइकं काढतो. मग तिचा फोन हातात घेतो. गजर मागेपुढे झाला असेल तर नीट लावतो. मेसेजची पेटी भरलेली असते, ती रिकामी करतो. नव्या सुनांचे, नव्या औषधवाल्याचे नंबर घालून देतो. ती चिठ्ठीवर लिहून नेते. अण्णांसारखे मुद्दे.

'आणि जे गेले त्यांचे काढून टाकतो,' आई म्हणाली. 'मला ते काढायचं बटण सापडत नाही. आज दोन काढले.'

कोण दोन, ते मी विचारलं नाही. इंदूरचा नंबर तिच्याकडे अजून आहे का, हेही विचारलं नाही. 'वर्षाचा मारलास तर त्याच्याकडे जाऊन काय सांगू, कशाला आले?' ती म्हणाली, आणि मग, 'तू कसा आहेस?'

बरा आहे म्हटलं.

माझा शनिवारी संपतो. आमच्या कोपऱ्यावर मारुती आहे, त्याच्या शेजारी रिचार्जचं एक टपरीवजा दुकान होतं. ते मागच्या वर्षी बंद झालं. तिथं आता मोमो मिळतात.